हजेरी, झडती आणि खासगीपणा

नोव्हेंबर 2025 मध्ये आठवडाभराच्या अंतराने केंद्र सरकारचे दोन मोठे निर्णय आले. आधी 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले आणि 21 तारखेला चार कामगार संहिता अमलात आल्या. पहिल्याची चर्चा मोबाइल, बँका आणि समाजमाध्यमांच्या अंगाने झाली, दुसऱ्याची पगार, ग्रॅच्युइटी आणि कपातीच्या अंगाने. दोन्ही कायदे एकाच माणसाला लागू होतात, ही गोष्ट मात्र बाजूलाच राहिली. तो माणूस म्हणजे नोकरी करणारा माणूस. मालकाने त्याच्याबद्दल काय विचारावे, काय नोंदवावे, कुठवर पाळत ठेवावी आणि ती नोंद कोणाला दाखवावी, हे प्रश्न संगणकाबरोबर आले आणि परदेशी कायद्यांच्या वाचनातून आपल्याकडे पोहोचले, असा एक सर्वसाधारण समज आहे. मुंबईच्या गिरण्यांचा आणि कारखान्यांचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. ‘खासगीपणाचा हक्क’ हे नाव आपल्या कायद्यात उशिरा आले. त्याच्या पोटातले बहुतेक सगळे वाद मात्र हजेरी, झडती, दंड, लग्नाची अट, बाळंतपण आणि आजार या नावांनी इथे शंभर वर्षे चालले होते. त्या वादांतून एक रीतही तयार झाली होती: नियम आधी लिहून काढायचा, कामगारांपुढे ठेवायचा, त्यांच्या हरकती ऐकायच्या आणि मग लागू करायचा. नव्या डेटा कायद्याने ही रीत उचलली नाही, आणि कामाच्या जागेपुरता तो जुन्या कामगार कायद्याच्याही मागे राहिला, हे मला इथे मांडायचे आहे.

सुरुवात कागद नव्हता तिथून करावी लागते. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्यानंतरची कित्येक दशके गिरणीत माणूस घेणे, कामाला लावणे आणि काढून टाकणे हे जॉबरच्या हातात होते. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. मालकाला किंवा मॅनेजरला कामगाराचे नावही ठाऊक असण्याची गरज नव्हती. जॉबरला मात्र सगळे ठाऊक असे. माणूस रत्नागिरीचा की साताऱ्याचा, कोणाच्या गाळ्यात झोपतो, कोणाच्या खाणावळीत जेवतो, पठाणाचे किंवा मारवाड्याचे किती देणे आहे, गावी शेताचा तुकडा आहे की गहाण पडला आहे, घरात कोण आजारी आहे, ही माहिती हेच जॉबरचे भांडवल. नोकरी लागताना द्यायची दस्तुरी किती, हे त्या माहितीवरून ठरे आणि संपाच्या दिवशी कोणावर दबाव टाकायचा हेही. जात तर लपण्याचा प्रश्नच नव्हता. साच्यावर काम करणारा विणकर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. हा धोटा पाळीगणिक हातोहाती फिरे. त्यामुळे सवर्ण कामगारांनी विटाळाचे कारण पुढे केले, आणि जास्त पगाराचे विणखाते अस्पृश्य कामगारांना बंद झाले. 1928-29 च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला, तो यामुळेच. कामाशी संबंध नसलेली एक माहिती गावाहून चाळीत आणि चाळीतून खात्यात येई, आणि माणसाने काय काम करायचे ते ठरवी. नोंद नसली म्हणजे माणूस मोकळा, असे म्हणता येत नाही ते यासाठी.

इथे एक आक्षेप ताबडतोब येतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या, एकाच नळावर अंघोळ करणाऱ्या माणसांना खासगीपणाचे काय? ही मध्यमवर्गाची, बंद दारांच्या घरांची कल्पना आहे. ती गिरणगावावर लादू नये. आक्षेपात तथ्य आहे, पण तो चुकीच्या जागी लागतो. चाळीत शेजाऱ्याला सगळे कळत होते, पण शेजाऱ्याचेही सगळे कळत होते. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाच्या इतिहासात दाखवून दिले आहे की जॉबरची सत्ता निरंकुश नव्हती. तो त्याच मोहल्ल्यात राही, त्याच लोकांत वावरे. लोक उलटले तर त्याचे वजन जाई. म्हणजे परस्परांची माहिती असण्यात एक तोल होता. हीच माहिती फाटकाच्या आत जाऊन पोटावर येते तेव्हा हा तोल संपतो. मालकाला कामगाराबद्दल कळते, कामगाराला मालकाबद्दल काही कळत नाही. खासगीपणाचा प्रश्न या असमानतेचा आहे, भिंती किती जाड आहेत याचा नाही. गिरणी कामगारांनी शेजाऱ्यांविरुद्ध तक्रारी केल्या नाहीत. त्यांनी तक्रारी केल्या त्या दस्तुरीविरुद्ध, मनमानी दंडाविरुद्ध, मुकादमाच्या मर्जीविरुद्ध आणि फाटकावरच्या झडतीविरुद्ध.

मग कागद आला, आणि तो दोन वेगळ्या हेतूंनी आला. पहिला हेतू माणसाला बांधून ठेवण्याचा. 1858 मध्ये बंगालातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्यासाठी माल पुरवण्याच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे करार नाकारता येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. ओळख पटवण्यासाठी हाताच्या ठशांचा सरकारी वापर सुरू झाला तो अशा एका कामाच्या करारातून, गुन्हेगारांच्या नोंदी त्यानंतर आल्या. दुसऱ्याच वर्षी, 1859 मध्ये, उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षेची वाट दाखवणारा करारभंगाचा कायदा झाला, आणि तो 1925 पर्यंत पुस्तकात राहिला. कागदाचा दुसरा हेतू संरक्षणाचा. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि बारापर्यंतच्या मुलांचे तास नऊवर आणले. वयाचा दाखला नसलेल्या देशात हे पाळायचे तर डॉक्टरने मुलाला तपासून वय ठरवणे भाग होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची, वेळेवर पगाराची आणि अपघाताच्या भरपाईची मागणी केली. पगार वेळेवर झाला की नाही, अपघात कामावर झाला की नाही, हे सिद्ध करायचे तर नोंद लागतेच. कामगारांच्या चळवळीने कागदाला सरसकट विरोध कधी केला नाही, याचे कारण हे आहे. त्यांना मालकाच्या एकट्याच्या खिशातला कागद नको होता. सरकारी निरीक्षक तपासू शकेल आणि आपल्याला दाखवता येईल असा कागद हवा होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हा फरक कायद्यात उतरला. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात, माणसे घेण्या-काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, असे स्पष्ट सांगितले. कमिशनवर कामगारांचे पुढारी ना. म. जोशी होते. 1935 पासून मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. कार्ड असलेल्या माणसाने रोज सकाळी फाटकावर यायचे आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची. जॉबरची पकड यातून एकदम सुटली नाही, पण नोकरीचा पुरावा त्याच्या डोक्यातून कार्डावर आला, ही गोष्ट लहान नव्हती. 1936 च्या वेतन कायद्याने दंडाचे तेच केले. कोणत्या कृत्यासाठी दंड होऊ शकतो त्याची यादी सरकारकडून मंजूर करून घ्यायची आणि कारखान्यात लावायची. दंडाआधी कामगाराचे म्हणणे ऐकायचे. एकूण दंड रुपयामागे अर्ध्या आण्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. प्रत्येक दंड वहीत लिहायचा आणि ती रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्चायची. आज डेटा संरक्षणाच्या भाषेत ज्यांना हेतूची मर्यादा, पूर्वसूचना, प्रमाण आणि हिशेब म्हणतात, ती सगळी तत्त्वे या एका तरतुदीत आहेत. त्यांना कोणी खासगीपणा म्हटले नाही, कारण गिरणी कामगाराला हवे होते ते न्याय्य वागणुकीचे आश्वासन, आणि ते मिळाले तर नाव काय याची त्याला फिकीर नव्हती.

या विचाराची सर्वांत पक्की मांडणी स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत, झाली. 1928 च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे मालकांनी आपल्या नियमांचा मसुदा ठेवला आणि त्यातल्या कलमांवर कामगारांच्या प्रतिनिधींनी वाद घातला. 1938 च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने अशा नियमांना पहिल्यांदा कायद्याचा आधार दिला. हा कायदा संपाच्या हक्कावर बंधने घालणारा म्हणून बदनाम आहे, आणि ते योग्यच. त्याविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. पण त्यातला नियम लिहून मंजूर करून घेण्याचा भाग टिकला. 1946 मध्ये कापड गिरण्यांसाठी मुंबई प्रांताचा आणि इतर कारखान्यांसाठी केंद्राचा असे दोन कायदे झाले. केंद्राच्या कायद्यात कार्यपद्धती अशी होती: मालकाने मसुदा प्रमाणन अधिकाऱ्याकडे द्यायचा, अधिकाऱ्याने तो युनियनकडे, युनियन नसेल तर कामगारांच्या प्रतिनिधींकडे पाठवायचा, पंधरा दिवसांत हरकती मागवायच्या, दोन्ही बाजू ऐकून नियम न्याय्य आहेत की नाहीत ते पाहायचे आणि मग प्रमाणित करायचे. प्रमाणित आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दरवाजाजवळच्या फलकावर लावायचे. मुंबईच्या अनेक कारखान्यांच्या फाटकाशी काचेच्या पेटीत पिवळी पडलेली मराठी पाने असत ती हीच.

त्या पानांतले झडतीचे कलम जवळून पाहण्यासारखे आहे. गिरणीतून सूत, कापड, कांड्या बाहेर जात, यात शंका नाही; मालकाची भीती खोटी नव्हती. पाळी सुटली की फाटकाच्या अरुंद वाटेतून एकामागून एक माणसे जात आणि पहारेकरी कोणाचे धोतर, कोणाचा डबा, कोणाची पिशवी चाचपी. पाळीला हजारो माणसे असलेल्या गिरणीत ही रोजची अप्रतिष्ठा होती, आणि स्त्रियांच्या बाबतीत त्याहून वाईट. आदर्श स्थायी आदेशांनी झडती बंद केली नाही. त्यांनी सांगितले की झडती घेता येईल, पण ती अधिकार दिलेल्या माणसानेच घ्यायची, स्त्री कामगाराची झडती स्त्रीनेच घ्यायची, आणि ती इतरांच्या साक्षीने व्हायची. मालकाच्या गरजा खऱ्या असतात, चोरी, गैरव्यवहार, सुरक्षितता यांसाठी नजर ठेवावीच लागते, हा जो आक्षेप आजही खासगीपणाच्या प्रत्येक चर्चेत घेतला जातो त्याला याहून चांगले उत्तर मला सापडत नाही. गरज मान्य करायची, आणि ती भागवण्याची रीत ठरवताना ज्याची झडती होणार त्याला बोलू द्यायचे. गरज खरी आहे एवढ्याने कोणतीही रीत चालते असे होत नाही. पहारेकऱ्याच्या हाताला जी शिस्त लावली ती कॅमेऱ्याला आणि संगणकाला लावायला तत्त्वतः काहीच अडचण नाही.

स्त्रियांच्या नोकरीच्या इतिहासात हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तिथे संरक्षण हवे असेल तर खासगी गोष्ट सांगावी लागते. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक स्त्री होती. प्रसूतिलाभाच्या विधेयकाला 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये मुंबई प्रांताने देशातला असा पहिला कायदा केला. त्यात लाभ मिळवायचा तर गरोदरपणाची सूचना मालकाला द्यावी लागे. जी माहिती दिल्यावर पगार मिळतो, तीच माहिती मालकाला आधी कळली तर तो कामावर घेणार नाही, हा पेच त्या दिवसापासून आहे. मालकांनी त्यावर सरळ उपाय शोधले. मुंबईतील एका औषध कंपनीचा नियम होता की अविवाहित स्त्री कामगाराने लग्न केले की तिची नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियनने त्याला आव्हान देत वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. लग्न झालेल्या स्त्रिया जास्त रजा घेतात, बाटल्या भरण्याचे आणि लेबले लावण्याचे काम गटाने चालते, एक गैरहजर राहिली की गट अडतो, असा कंपनीचा युक्तिवाद होता. रजेची तजवीज करणे हा त्यावरचा उपाय आहे, लग्नावर बंदी हा नाही, अशा अर्थाने न्यायालयाने 1965 मध्ये तो नियम रद्द ठरवला. 1981 च्या एअर इंडिया खटल्यात पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाईसुंदरीची नोकरी संपवणारी अट रद्द झाली, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट न्यायालयाने चालू दिली. म्हणजे मालक घराच्या उंबऱ्याच्या आत किती पाऊल टाकू शकतो, याची रेषा पुढे-मागे सरकत होती, सरळ प्रगती होत नव्हती.

1991 मध्ये ही रेषा कामगाराच्या बाजूने बरीच सरकली. आयुर्विमा महामंडळाने नोकरीच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये स्त्री उमेदवाराला मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची पाळी केव्हा आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का, असे रकाने होते. परिविक्षेच्या काळात बाळंत झालेल्या एका कर्मचारी स्त्रीला महामंडळाने काढून टाकले आणि तिने फॉर्ममध्ये खोटी माहिती दिल्याचे कारण दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितले आणि हे रकानेच अपमानकारक आहेत, ते काढून टाका, असा आदेश दिला. या निकालाचे महत्त्व असे की खोटे उत्तर का दिले, या प्रश्नाआधी न्यायालयाने, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार होता का, हे विचारले. ज्या प्रश्नाला खरे उत्तर दिले तर नोकरी जाते आणि खोटे दिले तरी जाते, तो प्रश्न विचारणेच अन्याय आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये हाच विचार आजाराला लावला. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी मजुराला कायम करण्याची वेळ आली तेव्हा तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला आणि त्याचे काम बंद झाले. माणूस काम करायला समर्थ असेल आणि इतरांना धोका नसेल तर केवळ संसर्गामुळे त्याला नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. खटला खऱ्या नावाऐवजी अक्षरांनी चालवायलाही न्यायालयाने परवानगी दिली. दाद मागण्यासाठी खासगीपणा सोडावा लागू नये, हे त्या परवानगीने मान्य केले. वीस वर्षांनी, 2017 च्या एचआयव्ही कायद्याने नोकरीची अट म्हणून ही चाचणी मागायला बंदी घातली.

त्याच वर्षी 24 ऑगस्टला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारला बांधतात. खासगी मालकाला बांधायचे तर कायदा करावा लागतो. त्याचा मसुदा न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 मध्ये दिला. न्यायाधीश होण्यापूर्वी श्रीकृष्ण मुंबईत कामगार कायद्याची वकिली करत. नोकरीच्या नात्यात दिलेली संमती खरी संमती नसते, हे मसुद्याने धरले होते. नोकरीवर घेणे-काढणे, हजेरी, कामाचे मूल्यमापन अशा ठरावीक कारणांसाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरू द्यावी, पण आरोग्य, जात, धर्म, लैंगिकता, बोटांचे ठसे अशी संवेदनशील माहिती या सवलतीच्या बाहेर ठेवावी, अशी त्यातली मांडणी होती. 2023 च्या कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच उरला नाही. कलम 7 मध्ये ‘नोकरीच्या हेतूंसाठी’ किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा दिली गेली. संमती नाही म्हणून संमतीबरोबर द्यायची सूचनाही नाही. आणि आपल्याबद्दल काय साठवले आहे ते पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकण्याचा हक्क कायद्याने संमती देणाऱ्यालाच दिला आहे. त्यामुळे या मार्गाने गोळा झालेल्या माहितीवर कामगाराला तो हक्क सांगता येत नाही. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि ती मोडल्यास मोठा दंड आहे, हे मान्य. पण माहिती चोरीला जाऊ नये हे पाहणे वेगळे आणि ती गोळा करण्यावर मर्यादा घालणे वेगळे. 1936 च्या दंडाच्या यादीने आणि 1946 च्या फलकाने कामगाराला जे दिले तेवढेही इथे मिळत नाही.

संमतीच्या बाजूने एक युक्तिवाद अजून केला जातो: नोकरी नको तर सोडा, कोणी जबरदस्ती केलेली नाही. 1859 च्या करारभंगाच्या कायद्यामागेही हीच कल्पना होती. मजुराने उचल राजीखुशीने घेतली ना, मग आता तुरुंगाची तक्रार का? आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्मवरही त्या स्त्रीने सही राजीखुशीने केली होती. न्यायालयाने ती सही हा शेवटचा शब्द मानला नाही, आणि आपणही मानू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो डाव्या बाजूने येतो. खासगीपणाच्या नावाखाली भ्रष्टाचार लपतो. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याखालच्या कामांवर खोट्या नावांची हजेरीपत्रके निघाली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने मस्टर रोल लोकांसमोर वाचायला लावले आणि त्यातून माहितीचा अधिकार उभा राहिला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्याची सेवानोंद आणि शिस्तभंगाची कागदपत्रे वैयक्तिक माहिती ठरवली, आणि 2023 च्या कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम आणखी कडक केले. हा धोका खरा आहे. पण मजुरांनी जे उघडे करायला लावले ते कामाचे आणि पैशाचे हिशेब होते: कोणी किती दिवस काम केले, किती मजुरी निघाली, कोणाच्या सहीने निघाली. कोणाची पाळी केव्हा आली, हे त्यांनी मागितले नव्हते. कामाची नोंद उघडी आणि माणसाची नोंद बंद, ही रेषा जवळजवळ प्रत्येक जुन्या वादातून निघते. नव्या कायद्याची अडचण अशी की तो हे उलटे करतो: अधिकाऱ्याची कामाची नोंद लोकांना मिळणे अवघड होते आणि कामगाराची माणूस म्हणून असलेली नोंद मालकाला सोपी होते.

याची किंमत सर्वांत आधी कोण देतो, हेही दिसू लागले आहे. नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. त्यात वर्षानुवर्षे ऐवजदार, म्हणजे बदली कामगार, म्हणून राबणारेही होते. नवी मुंबई आणि चंदीगडमध्येही अशीच घड्याळे आली. हजर नसलेल्यांच्या नावावर पगार निघतो, ही प्रशासनाची तक्रार खोटी नव्हती. बनावट हजेरी हा महापालिकांचा जुना रोग आहे. पण घड्याळाने चुकीची जागा दाखवली तर कापलेला पगार कसा परत मिळवायचा, ते चार्जिंग संपून बंद पडले तर दोष कोणाचा, पाळी संपल्यावर ते मनगटावर राहिले तर घरची माहितीही जाते का, याची उत्तरे कामगारांना आधी मिळाली नाहीत. चंदीगड परिसरात स्त्री कामगारांना शौचालयात जातानाही ते अंगावर असल्याची भीती वाटे. घड्याळात काय आहे हे कोणी नीट सांगितलेच नव्हते. इथे तंत्रज्ञान नवे आहे, वाद मात्र झडतीच्या कलमाचाच आहे, आणि त्या कलमामागे जी सुनावणी झाली ती इथे झाली नाही.

त्यामुळे मला वाटते की कामाच्या जागेवरच्या खासगीपणाचा उपाय डेटा कायद्याच्या आतच शोधत बसण्यात फार अर्थ नाही. तो कायदा प्रत्येक माणसाला एकटा धरतो. एकट्याने तक्रार करायची, एकट्याने डेटा संरक्षण मंडळाकडे जायचे. नोकरीत एकट्याने तक्रार करणाऱ्याचे काय होते ते सर्वांना माहीत आहे. कॅमेरे, बायोमेट्रिक हजेरी, जीपीएस, संगणकावर काय टाइप होते ते टिपणारी प्रणाली, घरून काम करणाऱ्याच्या पडद्याची छायाचित्रे, ही सगळी साधने स्थायी आदेशांच्या अनुसूचीत घालावीत. मालकाने कारण लिहावे, साधन नेमके काय टिपते ते सांगावे, नोंद किती दिवस ठेवणार आणि कोण पाहणार ते लिहावे, कामगारांच्या प्रतिनिधींनी हरकत घ्यावी, अधिकाऱ्याने ऐकावे, आणि मंजूर झालेले कलम लोकांना समजेल अशा भाषेत लावावे. यंत्रणा तयार आहे, फक्त ती आकुंचित होते आहे. स्थायी आदेश केंद्राच्या जुन्या कायद्यात शंभर कामगारांपासून आणि महाराष्ट्रात पन्नासपासून लागू होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा तीनशे केली आहे. म्हणजे पाळतीची साधने स्वस्त होऊन पन्नास माणसांच्या कार्यालयात पोहोचली नेमक्या त्याच काळात, नियमावर हरकत घेण्याचा हक्क तीनशेच्या वरच्यांपुरता राहिला. लहान उद्योगांवर कागदाचा बोजा नको, हे त्याचे कारण दिले जाते. ज्या उद्योगाला चोवीस तास नोंद करणारी प्रणाली विकत घेणे परवडते त्याला दोन पानांचा नियम लिहून भिंतीवर लावणे परवडत नाही, हे पटणारे नाही. राज्य सरकारला या बाबतीत करण्यासारखे बरेच आहे, आणि युनियनांना त्याहून जास्त. पुढच्या करारात पगाराच्या कलमांशेजारी पाळतीचे कलम मागायला त्यांना कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.